किनाऱ्यावरून शार्क पकडताना जोडीदार का लागतो?

रात्रीचा समुद्रकिनारा आणि वाळूवर ओढलेल्या शार्कशेजारी बसलेले दोन मित्र. अमेरिकेतील फ्लोरिडामधले असे फोटो सोशल मीडियावर नेहमी दिसतात. यातले अनेक हौशी मासेमार शार्कला (कोकणात मुशी किंवा मोरी) नंतर पाण्यात सोडून देतात. पण सोडलेला शार्क जगेलच असे नाही.

पाण्याबाहेर शार्कला काय होते?

शार्कच्या शरीरात हाडे नसतात, सांगाडा कूर्चेचा असतो. समुद्रात त्याचे वजन पाणी पेलते. वाळूवर मात्र तेच वजन आतल्या अवयवांवर येते आणि कल्ल्यांना पाणी मिळत नाही. त्याआधी गळाशी झुंजताना तो थकलेला असतो. हॅमरहेड शार्कला हा ताण विशेष सोसत नाही. तो पोहत निघून गेला, तरी नंतर मरू शकतो.

दोघांची कामे कोणती?

- आमिष नेणे: मोठे आमिष हाताने लांब फेकता येत नाही. त्यामुळे एक जण कयाकमधून ते लाटांपलीकडे सोडतो, तर दुसरा किनाऱ्यावर रॉड सांभाळतो.
- शार्क सोडवणे: शार्क उथळ पाण्यात आला की एक जण दोरीवरचा ताण सांभाळतो. दुसरा गळ काढतो किंवा गळाजवळची तार कापतो. एकट्याला ही दोन्ही कामे करायची तर वेळ जातो आणि चावा बसण्याचा धोकाही वाढतो.

फ्लोरिडाचे नियम काय आहेत?

1 जुलै 2019 पासून तिथे हे नियम लागू आहेत:

- 16 वर्षे व त्यावरील व्यक्तींनी ऑनलाइन प्रशिक्षण पूर्ण करून दरवर्षी परवाना घ्यायचा. तो मोफत असतो.
- मासे जवळ यावेत म्हणून किनाऱ्यावरून पाण्यात खाद्य टाकायला बंदी आहे.
- नैसर्गिक आमिष वापरताना स्टेनलेस स्टीलचा नसलेला गोल गळ, म्हणजेच सर्कल हुक, लावायचा. तो सहसा पोटात न जाता जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो. तुटून आत राहिलाच, तर हळूहळू गंजतो.
- तार किंवा गळ झटपट कापणारे हत्यार सोबत ठेवायचे.
- संरक्षित शार्कचे कल्ले पाण्याखालीच ठेवायचे आणि त्याला लगेच सोडायचे. टायगर, लेमन आणि ग्रेट हॅमरहेड या जाती संरक्षित यादीत आहेत.

मग फोटो काढायचाच नाही का?

काढता येतो, पण शार्क पाण्यात असताना आणि त्याला सोडवण्याचे काम न थांबवता. फोटोसाठी संरक्षित शार्कला अडकवून ठेवणे फ्लोरिडात नियमभंग ठरते. त्यामुळे कोरड्या वाळूवरच्या हॅमरहेडसोबतचा तिथला नवा फोटो दिसला, तर ‘पकडला आणि सोडून दिला’ एवढी ओळ पुरेशी नाही.