मूळ, टीका आणि यंत्राची भाषा

‘टीका’ या शब्दाची आपल्या भाषेंत जी अवनति झाली आहे, तिच्याकडे सुज्ञ वाचकांनीं क्षणभर लक्ष द्यावें असें आम्हांस वाटतें. आज एकानें दुसऱ्यावर टीका केली असें म्हटलें, कीं त्यानें त्याचे दोष काढले इतकाच अर्थ आपण घेतों. सातशें वर्षांपूर्वीं या शब्दाचा अर्थ निराळा होता. मूळ ग्रंथाच्या शेजारीं बसून, त्यांतील आशय पुढें येणाऱ्या अपरिचित वाचकास उलगडून सांगणें, याला टीका म्हणत. हा जुना अर्थ वहिवाटींतून गेला, आणि त्याबरोबर त्या कामाविषयींचा आदरही पुष्कळसा गेला.

या गोष्टीची आठवण होण्यास एक आधुनिक कारण घडलें आहे. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वींच्या अहमदनगर, जिल्ह्यांतील संगमनेर, कोपरगांव, लोणी अशा ठिकाणच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून दरवर्षीं अनेक तरुण बाहेर पडतात व संगणकासाठीं प्रोग्रॅम लिहिण्याच्या धंद्यांत शिरतात. प्रोग्रॅम म्हणजे यंत्रानें पाळावयाच्या आज्ञांची मालिका. या आज्ञांमध्यें जागोजाग माणसासाठीं टिपणें लिहिण्याची सोय असते. त्यांस ‘कॉमेंट’ म्हणतात. हीं टिपणें नीट व एकसारख्या पद्धतीनें लिहावींत असें या धंद्यांतील सर्व जाणते सांगतात. तरी तें काम कारकुनी आहे, खरी बुद्धि आज्ञा रचण्यांत लागते, अशी समजूत तरुणांत आढळते. ज्या जिल्ह्यांतून हे तरुण येतात, त्याच जिल्ह्यांत मराठींतील सर्वश्रेष्ठ टीका लिहिली गेली, हें ध्यानांत आणून दिल्यास ही समजूत कदाचित् ढळेल. म्हणून हा लेखनप्रपंच.

आपल्याकडे शास्त्र लिहिण्याची रीत सूत्रांची होती. पाणिनीनें सारें संस्कृत व्याकरण सुमारें ४००० सूत्रांत बसविलें. सूत्र जितकें आखूड तितकें पाठ करण्यास सोपें व समजण्यास अवघड. म्हणून कात्यायनानें वार्तिकें लिहिलीं, आणि पतंजलीनें इसवी सनापूर्वीं दुसऱ्या शतकांत महाभाष्य रचिलें. भाष्यावांचून सूत्र मुकें, अशीच तेव्हांच्या अभ्यासकांची भावना होती. पदें सुटीं करणें, त्यांचा अर्थ देणें, समासांचा विग्रह करणें, वाक्याची जुळणी दाखविणें आणि शंका उभी करून तिचें समाधान करणें, हीं व्याख्यानाचीं पांच अंगें परंपरेनें ठरविलीं होतीं. अमुक अंगें असलींच पाहिजेत असा दंडक एकदां पडला, म्हणजे वाचकास काय कोठें सांपडेल हें आधींच ठाऊक असतें. पुढें कालिदासाचा टीकाकार मल्लिनाथ यानें आपल्यापुरते दोन नियम जाहीर केले: मुळांत आधार नसलेलें कांहीं लिहावयाचें नाहीं, आणि गरज नसलेलें कांहीं बोलावयाचें नाहीं. टिपणें लिहिणाऱ्या कोणासही यापेक्षां नेमका उपदेश करणें कठीण आहे.

ही संस्कृत परंपरा मराठींत आली ती प्रवरेच्या कांठीं, नेवासें येथें. ज्ञानेश्वरांनीं गीतेवरील ‘भावार्थदीपिका’ या गांवीं सांगितली व सच्चिदानंदबाबांनीं ती उतरून घेतली. ज्या खांबाला टेकून ती सांगितली असें परंपरा मानते, तो आजही तेथें दाखविला जातो. ग्रंथसमाप्तीच्या ओव्यांत शके १२१२, म्हणजे इ. स. १२९०, हें वर्ष नोंदलें आहे. रामचंद्र यादवाच्या राज्याचा उल्लेख आहे, आणि लिहून घेणाराचें नांवही आहे. कोणीं सांगितलें, कोणीं लिहिलें, केव्हां व कोणत्या राज्यांत, या चारही प्रश्नांचीं उत्तरें ग्रंथाच्या शेवटींच मिळतात. आपल्या जुन्या वाङ्मयाच्या कालनिर्णयासाठीं पंडितांनीं जीं रणें माजविलीं, तीं पाहतां या चार ओळींच्या नोंदीचें मोल कळतें.

परंतु टीका म्हणून या ग्रंथाकडे पाहिलें, तर त्याहून मोठा धडा त्याच्या प्रमाणबद्धतेंत आहे. गीतेचे श्लोक ७००, ज्ञानेश्वरीच्या ओव्या सुमारें ९०००. पण ही वाढ सर्वत्र सारखी नाहीं. पहिल्या अध्यायांत सैन्यांचें व अर्जुनाच्या विषादाचें वर्णन आहे. तेथील ४७ श्लोकांवर केवळ २७५ ओव्या आहेत. तेराव्या अध्यायांत क्षेत्र-क्षेत्रज्ञांचा गहन विचार आहे. तेथील श्लोक पस्तिसांच्या आंत, आणि ओव्या सुमारें ११७०. म्हणजे पहिल्या अध्यायांत श्लोकामागें सहा ओव्याही पुरल्या नाहींत असें नाहीं, आणि तेराव्यांत चौतीस देऊनही ज्ञानेश्वरांस त्या अधिक वाटल्या नाहींत. जेथें मूळ आपण होऊन बोलतें तेथें टीकाकार थोडक्यांत आटोपतो. जेथें वाचक अडखळणार तेथें तो थांबतो, दृष्टांतावर दृष्टांत देतो. भाष्यकारांस वाट पुसत आपण चाललों, असें ते मोकळेपणानें सांगतात; आणि मूळ संस्कृत व आपली मराठी यांचा अभिप्राय इतका जुळावा कीं मूळ कोणतें हेंही ओळखूं येऊं नये, अशी प्रतिज्ञाही करितात. या विनयांत व या प्रतिज्ञेंत विरोध नाहीं. टीकाकार आपलें ऋण मान्य करितो, म्हणूनच त्याच्या शब्दावर विश्वास बसतो.

त्याच शतकांत दुसरा एक मोठा लेखनोद्योग झाला. सराळ्याचे म्हाइंभट हे विद्वान् पंडित चक्रधरांचे अनुयायी झाले, आणि चक्रधरांच्या मागें त्यांनीं त्यांच्या आठवणी ज्यांनीं पाहिल्या-ऐकिल्या होत्या त्यांच्याकडे जाऊन गोळा केल्या. त्यांतून ‘लीळाचरित्र’ झालें. पुढें परचक्राच्या धामधुमींत या ग्रंथाच्या पोथ्या नष्ट झाल्या, आणि ज्यांस तो पाठ होता त्यांनीं तो पुन्हां उभा केला. अर्थातच एकाची आठवण दुसऱ्याशीं सर्वत्र जुळेना. अशा वेळीं त्या मंडळींनीं जें केलें तें आजच्या संशोधकानेंही मान लववावी असें आहे. पाठभेद पुसून टाकण्याऐवजीं त्यांनीं ते ग्रंथांतच टिपून ठेविले. निराळ्या परंपरेनें आलेल्या पाठास ‘वासना’ अशी संज्ञा देऊन ही आठवण अमुकाची असें सांगितलें. नांवानिशीं साक्ष नोंदण्याची ही दक्षता मराठी गद्याच्या अगदीं आरंभींच दिसते, ही अभिमानाची गोष्ट होय.

आतां टीकेला जडणाऱ्या रोगांचाही विचार केला पाहिजे. हातानें नकला होत असतां समासांतलें टिपण मुळांत शिरतें, कोणी भाविक आपली ओवी मध्येंच घालतो, कोणी न कळलेला शब्द बदलून सोपा करितो. तीनशें वर्षांत ज्ञानेश्वरीची हीच गत झाली. जिल्ह्याच्या सीमेपलीकडे, गोदावरीच्या उत्तर तीरावरील पैठणास एकनाथांनीं शके १५०६, म्हणजे इ. स. १५८४ मध्यें, निरनिराळ्या प्रती ताडून पाहून शुद्ध पाठ सिद्ध केला. स्वतः समर्थ कवि असतांही त्यांनीं आपली ओवी त्यांत मिसळली नाहीं. जो मिसळील तो अमृतानें भरलेल्या ताटांत करवंटी ठेवील, असा कडक इशारा मात्र त्यांनीं शेवटीं दिला. आणि तो इशारा ग्रंथाच्या बाहेर, आपल्या नांवानें, वेगळ्या ओव्यांत दिला. मूळ कोठें संपतें व आपलें बोलणें कोठें सुरू होतें, ही रेघ स्पष्ट राखणें हाच संपादकाचा धर्म. नाथांनीं तो आचरून दाखविला.

आतां यंत्राकडे वळूं. १९५७ सालीं आय. बी. एम. कंपनीनें ‘फोरट्रान’ ही भाषा प्रचारांत आणिली. तेव्हां आज्ञा छिद्रे पाडलेल्या ऐंशी रकान्यांच्या कार्डांवर लिहीत. कार्डाच्या पहिल्या रकान्यांत ‘सी’ हें अक्षर असलें, कीं यंत्रभाषेंत रूपांतर करणारी व्यवस्था तें कार्ड वगळून पुढें जाई. तें कार्ड माणसासाठीं आहे असा तो संकेत होता. येथें सूत्र व भाष्य यांचें नातें अगदीं उघडें होतें: यंत्राला सूत्र पुरतें, भाष्य माणसालाच लागतें. १९८४ मध्यें डोनल्ड क्नुथ या अमेरिकन प्राध्यापकानें तर हा क्रमच उलटविला. प्रोग्रॅम हा मुख्यतः माणसासाठीं लिहिलेला निबंध असावा व यंत्राच्या आज्ञा त्यांत ओवलेल्या असाव्या, असें त्यानें प्रतिपादिलें. १९९५ सालीं जाहीर झालेल्या ‘जावा’ भाषेबरोबर ‘जावाडॉक’ नांवाचें साधन आलें. प्रत्येक घटकाच्या माथ्यावर ठराविक खुणांनीं टिपण लिहावें. पहिल्या वाक्यांत त्या घटकाचें प्रयोजन असावें. मग त्यास काय पुरवावयाचें, त्याकडून काय परत मिळतें, व कोणत्या प्रसंगीं तो अडतो हें क्रमानें सांगावें. म्हणजे त्या टिपणांतून संदर्भग्रंथ आपोआप तयार होतो. व्याख्यानाचीं पांच अंगें ठरविणाऱ्या आपल्या पूर्वजांस ही कल्पना परकी वाटली नसती.

चांगलें टिपण व वाईट टिपण यांतील भेद एका लहानशा उदाहरणानें दाखवितों. इसवी सनावरून शालिवाहन शक काढणारा प्रोग्रॅम कोणी लिहिला व त्यांत वर्षांतून ७८ वजा केले. शेजारीं टिपण लिहिलें: ‘येथें ७८ वजा केले.’ हें टिपण खरें आहे, पण निरुपयोगी आहे. कारण तेवढें आज्ञेवरूनच दिसतें. दुसऱ्यानें लिहिलें: ‘शकाचें वर्ष चैत्र शुद्ध प्रतिपदेस सुरू होतें, म्हणून जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या तारखांस ७९ व पुढील तारखांस ७८ वजा करावे.’ या टिपणानें कारण सांगितलें, आणि पहिल्याच्या आज्ञेंतील चूकही उघडी केली. तसेंच शब्दांच्या एकवाक्यतेचें. पेशवाईच्या कागदांत कोठें शक, कोठें शुहूर सन, कोठें फसली, कोठें राज्याभिषेक शक आढळतो. नुसतें ‘साल’ लिहिलें असतें तर इतिहासकाराची किती फसगत झाली असती! एका प्रोग्रॅमांत एकाच वस्तूस तीन नांवें देणारा लेखक हीच फसगत पुढच्याच्या वांट्यास ठेवितो.

या धंद्यांतला सर्वांत वाईट रोग म्हणजे शिळें टिपण. आज्ञा बदलते, टिपण तसेंच राहतें, आणि काल खरें असलेलें वाक्य आज खोटी साक्ष देऊं लागतें. खेड्यांतल्या शेतकऱ्यास याचा मर्म समजावून सांगावा लागत नाहीं. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर मालकाचें नांव बदललें, कीं त्याशेजारीं फेरफाराचा क्रमांक येतो, जुनें नांव कंसांत जातें, आणि तो क्रमांक घेऊन फेरफाराच्या नोंदवहींत गेलें म्हणजे बदल खरेदीनें झाला कीं वारसानें हें कळतें. फेरफाराची नोंद नसलेला सातबारा कोणी विश्वासानें घेत नाहीं. मग कारणाची नोंद नसलेला प्रोग्रॅम कां घ्यावा? विसाव्या शतकाच्या अखेरीस जगानें याची किंमत मोजली. जुन्या प्रोग्रॅमांत, जागा वांचविण्यासाठीं, वर्षाचे शेवटचे दोनच अंक ठेवीत. २००० साल येतांच ‘००’ म्हणजे १९०० असें यंत्र समजेल, म्हणून तीं सर्व ठिकाणें शोधून दुरुस्त करणें भाग पडलें. लिहिणारे निघून गेले होते, आणि कोठें काय कां केलें हें पुष्कळ ठिकाणीं लिहिलेलें नव्हतें. त्या दुरुस्तीचा मोठा वांटा भारतीय कंपन्यांस मिळाला, ही आपल्या तरुणांस लाभलेली संधि खरी. पण ती दुसऱ्यांच्या मौनांतून निर्माण झाली होती, हें विसरूं नये.

यावर एक आक्षेप नेहमीं घेतात, व तो अगदींच पोकळ नाहीं. आज्ञा इतकी स्वच्छ व नांवें इतकीं अर्थपूर्ण असावींत, कीं टिपणाची गरजच पडूं नये, असें कित्येक कसलेले लोक म्हणतात. गढूळ लिहून वर खुलासा जोडणें हा आळस आहे, हें आम्हांसही मान्य आहे. परंतु आज्ञा फार तर ‘काय’ व ‘कसें’ सांगेल. ‘कां’ हें ती सांगूं शकत नाहीं. कोणता मार्ग टाकून हा घेतला, कोणत्या कायद्यामुळें वा रूढीमुळें हा आंकडा आला, पुढच्यानें कशाला हात लावूं नये, या गोष्टी लिहिणाराच्या डोक्यांत असतात आणि त्याच्याबरोबर जातात. पाणिनीचीं सूत्रें निर्दोष होतीं. तरी पतंजलीस भाष्य लिहावेंसें वाटलें, तें याच कारणानें.

टीकाकाराचें काम दुय्यम आहे हा समज आपण टाकून दिला पाहिजे. ज्या ग्रंथांनीं मराठी भाषेस प्रौढता आली, त्यांतला अग्रगण्य ग्रंथ एक टीका आहे. आणि तिच्यावांचून सातशें श्लोकांचें मूळ महाराष्ट्रांतील बहुसंख्य घरांत पोंचलेंच नसतें. प्रोग्रॅम लिहिणाऱ्या तरुणास कोणी ज्ञानेश्वर व्हा असें म्हणत नाहीं. पण आपण लिहिलेलें दहा वर्षांनीं कोणी तरी अनोळखी माणूस उघडील, त्यावेळीं आपण शेजारीं नसूं, आणि त्यास वाट पुसावीशी वाटेल, एवढें भान त्यानें ठेवावें. सच्चिदानंदबाबांनीं लेखणी हातीं धरली तेव्हां ज्यांच्यासाठीं लिहावयाचें ते बहुतेक वाचक अजून जन्मासही यावयाचे होते.