गुडघा आणि मन

आम्हां ठाणेकरांना परगावी एक थट्टा हमखास ऐकावी लागते. कोणी विचित्र वागला, की "याला ठाण्याला पाठवा" असे लोक म्हणतात. १९०१ साली येथे मनोरुग्णालय उभे राहिले आणि गावाच्या नावाला हा अर्थ चिकटला. या थट्टेचा गुडघ्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो निकटचा आहे.

गुडघा बदलण्याची कल्पना जुनी. १८९० साली बर्लिनमध्ये ग्लुक यांनी हस्तिदंताचा सांधा बसवून पाहिला. तो टिकला नाही. १९७४ पासून न्यूयॉर्कमध्ये इन्सॉल, वॉकर आणि भारतात जन्मलेले चित्तरंजन रणावत यांनी घडविलेला धातू-प्लॅस्टिकचा सांधा वापरात आला, तेव्हा खरा मार्ग मोकळा झाला. याच रणावतांनी मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात पंतप्रधान वाजपेयींचा एक गुडघा २००० साली व दुसरा २००१ साली बदलला, आणि या शस्त्रक्रियेचे नाव घरोघर पोहोचले.

परंतु सांधा नीट बसला, क्ष-किरणचित्र निर्दोष आले, तरी दहांतील एक-दोन रुग्ण असमाधानीच राहतात. असे का व्हावे? बीचर या अमेरिकन डॉक्टरांनी दुसऱ्या महायुद्धातील जखमी सैनिक पाहून १९४६ साली लिहिले, की भयंकर जखमा असूनही बहुतेकांनी वेदनाशामक औषध नको म्हटले. जखम आणि वेदना यांचे माप एक नसते. १९९५ साली सलिव्हन प्रभृतींनी, दुखण्याविषयी मनात अतिभयंकर चित्रे रंगविण्याची सवय मोजणारी प्रश्नावली सिद्ध केली. अशी सवय, चिंता आणि खिन्नता ज्याला शस्त्रक्रियेपूर्वीच असते, त्याला नंतर अधिक दुखण्याचा संभव असतो, असे पुढील अभ्यासांत वारंवार आढळले.

भ्यालेला मनुष्य पाय वाकवीत नाही, न वाकविलेला सांधा आखडतो, आखडलेला अधिक दुखतो, भय दुणावते. त्यात डोंबिवलीच्या लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतीत तिसरा मजला, आणि "आई, तुम्ही उठू नका" म्हणणारी मायाळू सून! पाटावर मांडी घालून बसता येईलच, अशी आशा धरलेल्यास तर पुढे आपण फसलो असे वाटते. ही गोष्ट आधीच स्पष्ट सांगावयास हवी.

प्रत्येक दुखणे मनाचे नव्हे. जंतुसंसर्ग झाला नाही ना, सांधा सैल पडला नाही ना, हे प्रथम पाहिलेच पाहिजे. मनामुळे वाढलेली वेदनाही खोटी नसते. पण डॉक्टरांनी मनाची चौकशी केली, की रुग्ण चिडून म्हणतो, "मला काय ठाण्याला पाठवता?" येथे ती जुनी थट्टा माणसाला लंगडे ठेवते.

१९९० साली याच ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी मानसिक आरोग्यासाठी संस्था काढली, आणि धडधाकट माणसानेही मनाविषयी बोलावे हा विचार गावात रुजू लागला. गुडघा शल्यचिकित्सक बदलतो. पहिले पाऊल रुग्णालाच टाकावे लागते. त्यासाठी मनाची मदत मागण्यात लाज कसली?