आधी रूळ, मग शहर : वर्ध्याची गोष्ट

‘रेल्वे आमच्या गावावरून जाते’ असं आपण सहज म्हणतो. वर्ध्याचं मात्र उलटं आहे. इथे रेल्वेची वाट ठरली आणि शहर तिच्याकडे आलं.

१८६२ मध्ये नागपूरमधून वर्धा जिल्हा वेगळा काढला. मुख्यालय होतं पुलगावजवळच्या कवठ्याला. आजच्या वर्धा शहराच्या जागी पालकवाडी नावाची लहानशी वस्ती होती. १८६६ मध्ये तिथे नवं शहर आखलं आणि मुख्यालय तिकडे हललं. पुढच्याच वर्षी भुसावळहून निघालेली जीआयपी रेल्वे इथूनच नागपूरला पोचली.

इंग्रजांना एवढी घाई कशाची होती? कापसाची! याआधी इकडचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून पार गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत जायचा. वाटेत पाऊस, धूळ, चोऱ्या. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर आपल्या काळ्या मातीवर पडली. गंमत म्हणजे रूळ नागपूरला पोचेपर्यंत ते युद्ध संपलंही होतं. भाव उतरले, पण रूळ राहिले.

आणि मग रुळांनी माणसांची जागा ठरवायला सुरुवात केली. हिंगणघाटचा कापूस आधीपासूनच नावाजलेला. तिकडे वर्ध्याहून फाटा गेला, पुढे वरोऱ्याच्या कोळसा खाणीपर्यंत. वर्धा जंक्शन झालं. पुलगावला, हिंगणघाटला कापड गिरण्या उभ्या राहिल्या. आर्वी मात्र मेन लाइनपासून दूर पडली. तिला १९१७ मध्ये पुलगावहून नॅरोगेजची छोटी गाडी मिळाली, आणि पुढे तीही बंद पडली.

आता सगळ्यात भारी भाग ऐका. १९०९ च्या ‘हिंद स्वराज्य’मध्ये गांधीजींनी रेल्वेवर सडकून टीका केली होती : रेल्वेमुळे प्लेग पसरतो, धान्य बाहेर जातं, दुष्काळ वाढतात. तेच गांधीजी १९३० च्या दशकात जमनालाल बजाजांच्या आग्रहावरून वर्ध्याला आले. तोवर मुंबई–हावडा आणि दिल्ली–मद्रास असे दोन्ही मार्ग वर्ध्यावरून जात होते. त्यामुळे देशभरातून पुढारी इथे गाडीने येऊ शकत होते. १९३६ पासून बापू शेगावात राहू लागले, तर त्यांची पत्रं बुलढाण्याच्या शेगाव स्टेशनकडे जाऊ लागली! म्हणून १९४० मध्ये गावाचं नाव सेवाग्राम झालं.

मला वाटतं, वर्ध्याचा धडा साधा आहे. ही लाइन आपल्या माणसांसाठी टाकलीच नव्हती. ती कापसाच्या गाठींसाठी होती. तरी माणसांनी ती आपली केली, कुणी पोटासाठी, कुणी स्वातंत्र्यासाठी. पण लाइन कुठून जाणार, हे ठरवताना गावाला कुणी विचारलं नाही.

आज वर्धा–यवतमाळ–नांदेड मार्गाचं काम चालू आहे. त्याचा नकाशा बघाल तेव्हा लाइन कुठे जाते ते बघाच, पण बाजूला कोण राहिलं तेही बघा. तिथेच पुढच्या शंभर वर्षांचा इतिहास लिहिला जातोय.

भेटू पुढच्या भागात!