गुदद्वाराभोवतीच्या गाठी

गुदद्वाराच्या कडेला किंवा लगतच्या त्वचेवर येणारे मोड, पुळ्या, फोड व चामखिळी. बोलताना या सर्वांना सरसकट ‘मूळव्याध’ म्हटले जाते. प्रत्यक्षात कारणे निरनिराळी असतात आणि एकावरचे औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

कारणे : मूळव्याधीत गुदमार्गातील नीलांच्या गाद्या फुगतात. आतले मोड सहसा दुखत नाहीत. शौचावेळी लाल रक्त पडते. बाहेरच्या मोडात रक्त गोठले, तर एकाएकी निळसर, टणक, अतिशय दुखरी गाठ येते. पहिल्या दोन-तीन दिवसांनंतर वेदना ओसरते, गाठ काही आठवड्यांत विरते. मागे कधी कातडीचा मऊ, निरुपद्रवी लोंब राहतो. शौचावेळी कापल्यासारखी कळ येत असेल, तर लोंबाशेजारी बहुधा चीर असते. लाल, ठणकणारी गाठ आणि ताप हे गळवाचे लक्षण. पू निघून गेल्यावरही आत नळी उरू शकते. या नळीला भगंदर म्हणतात; वरचेवर पाझरणारी पुळी बहुधा त्याची असते. क्वचित त्यामागे क्षयरोग असतो.

फुलकोबीसारख्या चामखिळी मानवी पॅपिलोमा विषाणूमुळे, मुख्यतः त्याच्या 6 व 11 या प्रकारांमुळे होतात आणि बहुधा लैंगिक संपर्कातून पसरतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्व्हाव्हॅक’ लस 6, 11, 16 व 18 या प्रकारांविरुद्ध आहे. ती संसर्गापूर्वी घेतल्यास उपयोगी पडते. पाणी भरलेले दुखरे फोड नागिणीच्या जातीतल्या हर्पीस विषाणूचे, तर चपट्या ओलसर गाठी उपदंशाच्या असू शकतात. न भरणारी, वाढत जाणारी टणक गाठ कर्करोगाचीही असू शकते.

उपचार : बद्धकोष्ठ टाळणे, भरपूर पाणी, भाजी-भाकरी आणि कोमट पाण्यात बसणे याने मोड व चिरेला आराम पडतो. गळवाला चीर देऊन पू काढावा लागतो. भगंदरावर शस्त्रक्रिया करतात किंवा आयुर्वेदातील क्षारसूत्र, म्हणजे औषधी दोरा, वापरतात. हा दोरा निवडुंगाचा चीक, आघाड्याचा क्षार व हळद यांची पुटे देऊन करतात. मोड गाळण्यासाठी भोंदूंकडून दाहक औषध लावून घेऊ नये. जखम होऊन गुदद्वार आकसते.

तळोदा : नंदुरबार जिल्ह्यातील, सातपुड्याच्या पायथ्याच्या या तालुक्यात भिली, पावरी, अहिराणी, गुजरी बोलणारे लोक राहतात. इथेही गुदद्वाराचे दुखणे लाजेपोटी लपवले जाते. तपासणी मात्र काही मिनिटांची असते. ताप, वारंवार रक्तस्राव, लघवी अडणे किंवा काही आठवड्यांत न जिरणारी गाठ असेल, तर तळोद्याच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा नंदुरबारच्या जिल्हा रुग्णालयात दाखवावे. स्वतःच्या बोलीत नुसते ‘तिथे गाठ आली आहे’ एवढे सांगितले, तरी उपचार सुरू होतो.