दिवाणखान्यातला पियानो

पियानो आधी घरात वाजला, सभागृहात नंतर गेला. फ्लोरेन्सच्या क्रिस्तोफोरीने १७०० च्या सुमारास हे वाद्य घडवलं, तेही मेदिची घराण्याच्या पदरी राहून. सुरुवातीचे पियानो अंगाने हलके: सांगाडा लाकडी, तारा बारीक, हातोड्यांवर चामडं. सूर उमटायचा आणि चटकन विरायचा. शे-पन्नास माणसांपलीकडे पोचण्याचा त्यांचा जीवच नव्हता.

पण पुढे लोखंडी सांगाडे आले, आवाज वाढला. १८३९ मध्ये पियानोवादक लिस्टने रोममध्ये अख्खा कार्यक्रम एकट्याने वाजवून दाखवला आणि पियानोला मंच सापडला. मग घरातली मैफल टिकली कशी? हौसेने म्हणावं तर ते अर्धंच खरं.

बर्लिनच्या लायपझिगर स्ट्रासे ३ या पत्त्यावर मेंडेल्सोन कुटुंब राहायचं. थोरली फॅनी आणि धाकटा फेलिक्स, दोघंही संगीतात तयार. १८२० मध्ये वडिलांनी फॅनीला पत्रातून बजावलं, की संगीत हा फेलिक्सचा कदाचित पेशा होईल, तुझा मात्र तो दागिनाच राहायला हवा. मोठ्या घरच्या मुलीने पैसे घेऊन लोकांसमोर वाजवणं तेव्हा शोभत नसे. लग्नानंतर, १८३१ पासून, फॅनीने घरच्या रविवारच्या मैफली नव्याने सुरू केल्या. बागेकडे उघडणाऱ्या दालनात ती स्वतः वाजवायची, गायकवृंद तालमीला बसवायची, काय वाजवायचं तेही तीच ठरवायची. थोडक्यात, बाहेर जे करू दिलं नसतं ते सगळं ती घरात करत होती. बाहेर जाहीरपणे तिने वाजवल्याची ठळक नोंद एकच, १८३८ ची, तीही धर्मादाय कार्यक्रमातली. १४ मे १८४७ रोजी पुढच्या रविवारची तालीम चालू असताना पियानोवरच तिचे हात बधिर झाले. त्याच रात्री ती गेली. एक्केचाळीस वर्षांची होती.

पियानोवादक-संगीतकार शोपँचं उलट. त्याला मंच खुला होता, पण गर्दी सोसत नसे. आयुष्यभरात त्याने जाहीर कार्यक्रम केले ते जेमतेम तीस. पोट चाले ते मुख्यतः शिकवण्यांवर. पॅरिसमध्ये एका तासाचे वीस फ्रँक. १८४८ च्या फेब्रुवारीत तिथे क्रांती झाली, शिष्यमंडळी पांगली, आणि आजारी शोपँ लंडनला आला. मुक्कामाच्या खोलीत तीन पियानो: प्लेयेल, एरार, ब्रॉडवुड. २३ जूनला ईटन प्लेसमधल्या ९९ नंबरच्या घरी, पूर्वीची गायिका अॅडलेड सार्टोरिस हिच्याकडे, त्याने मैफल केली. पुन्हा ७ जुलैला लॉर्ड फॉलमथच्या घरी.

इथे एक गंमत आहे. ही घरं खासगी, पण मैफलीला तिकीट होतं, एक गिनी. खासगीपणाला किंमत लावली की दारावर पाहुणा कोण आणि गिऱ्हाईक कोण, हे ओळखायचं कसं? मला वाटतं, आजच्या घरगुती पियानो मैफलींचं कूळ फॅनीच्या रविवारपेक्षा या गिनीकडे जास्त जातं.

वाद्य मात्र तेव्हाचं राहिलेलं नाही. आजच्या मोठ्या ग्रँड पियानोत तारांचा एकूण ताण वीस टनांच्या घरात असतो. तो सभागृहासाठीच वाढवलेला. त्यामुळे दिवाणखान्यात वाजवताना झाकण पुरतं उघडत नाहीत. आखूड टेकू लावतात, नाहीतर बंदच ठेवतात.