सही आणि अंगठा

माणसास आधी शहाणे करावे आणि मग त्याच्या हाती हक्क द्यावेत, हे मत आपल्याकडे फार जुने आहे. इंग्रज सरकारने ते साऱ्या देशाविषयी मांडले. इंग्रज गेल्यावर आमच्यातील शिकलेल्या मंडळींनी तेच अडाणी माणसांविषयी मांडण्यास आरंभ केला, आणि आजही मतदानाचा दिवस जवळ आला की आगगाडीच्या डब्यात ते हटकून ऐकू येते. व्याख्यानमालेच्या चालकांनी शिक्षण आणि नागरिकत्व हा विषय आमच्याकडे सोपविला तेव्हा आम्हांस थोडे हसू आले. आमची दिवसाची शाळा सातवीत सुटली. पुढे जे काही शिकलो ते रात्रशाळेत, युनियनच्या कचेरीत आणि कोर्टाच्या व्हरांड्यात. तेव्हा मोठमोठ्या ग्रंथांच्या आधाराने बोलण्याचा अधिकार आमचा नाही. परंतु मुंबईच्या गिरणगावात आमचा जन्म गेला, त्याचा इतिहास जमेल तेवढा वाचला, आणि तो इतिहास वरील मताच्या नेमकी उलट साक्ष देतो असे आमचे म्हणणे आहे.

आरंभ जोतीराव फुल्यांपासून केला पाहिजे. १८८२ साली सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी हंटर कमिशन नेमले, त्यापुढे १९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीरावांनी आपले निवेदन दिले. त्याखाली त्यांनी स्वतःची ओळख व्यापारी, शेतकरी आणि पुणे म्युनिसिपालिटीचे सभासद अशी लिहिली आहे. आम्हांस ही ओळख फार बोलकी वाटते. शाळा काढणारा मनुष्य शिक्षणाविषयी बोलताना आपण कर भरणारे आणि नगराच्या कारभारात बसणारे आहोत हे आधी सांगतो. त्यांची तक्रारही करदात्याची आहे: सरकारचा वसूल येतो कष्टकरी रयतेकडून आणि खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर. निदान बाराव्या वर्षापर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी त्यांची मागणी होती. काय शिकवावे हेही त्यांनी सांगितले. मोडी व बालबोध लिहिणे-वाचणे, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल, व्याकरण, शेतकीची मूलतत्त्वे, नीती आणि आरोग्य. यांतील मोडी आणि हिशेब यांकडे लक्ष द्यावे. सावकाराचा दस्त मोडीत असे आणि फसवणूक हिशेबात होई. ज्या अक्षरात आपणांस बुडविले जाते ते अक्षर आधी शिकावे, असा तो रोकडा विचार होता.

जोतीरावांच्या सत्यशोधक समाजातूनच नारायण मेघाजी लोखंडे पुढे आले. जन्म १८४८ चा, ठाण्याचा. शिक्षण बेताचे, रेल्वेत, टपालात आणि पुढे एका गिरणीत स्टोअरकीपर म्हणून नोकरी. गिरणीत राहून त्यांनी कामगारांचे हाल पाहिले, नोकरी सोडली आणि कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली काढलेले ‘दीनबंधु’ पत्र १८८० पासून मुंबईतून चालविले. त्या काळी गिरणीत दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत काम चाले. आठवड्याची सुट्टी नाही, जेवायला धड वेळ नाही, पगार कधी मिळेल त्याचा नेम नाही. पेपर हाती आला तरी तो वाचणार कोण? खोलीत दहाजण राहत, त्यांत एखाद्यास अक्षर लागे. तो वाची आणि बाकीचे ऐकत. एकाच्या डोळ्यांवर दहाजणांचे वाचन चाले, आणि आमच्या लहानपणापर्यंत चाळीच्या गॅलरीत ही पद्धत जिवंत होती.

१८८४ च्या सप्टेंबरात २३ आणि २६ तारखांना लोखंड्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या. फॅक्टरी कमिशनपुढे ठेवण्यासाठी मागण्या ठरल्या: रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त, मागल्या महिन्याचा पगार पंधरा तारखेच्या आत, आणि कामावर अपघात झाल्यास भरपाई. या अर्जावर ५,५०० कामगारांनी नावे घातली. ज्या वस्तीत लिहिता येणारा माणूस शोधावा लागे तेथे साडेपाच हजार! या मागण्या कोणी पुस्तकातून काढल्या नव्हत्या. त्या प्रत्येकाच्या पाठीला, पोटाला आणि बोटांना ठाऊक होत्या. लोखंड्यांनी त्यांना कलमांचे रूप दिले, आणि आपले दुःख कलमात घालता येते व सरकारच्या टेबलावर ठेवता येते हे कामगाराने प्रथम पाहिले. आमच्या मते गिरणगावातील नागरिकशास्त्राचा हा पहिला तास होय.

पुढे २४ एप्रिल १८९० रोजी दहा हजार कामगारांची सभा भरली, तीत दोन कामगार स्त्रिया उभे राहून बोलल्या. त्या काळी घरंदाज, शिकलेल्या घरांतून किती बायकांनी जाहीर सभेत तोंड उघडले असेल याचा ज्याने त्याने विचार करावा. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज रविवारी दुपारी जेवून आडवे होणाऱ्या किती सुशिक्षितांना ही तारीख माहीत आहे? शाळेत आम्हांस लढायांच्या तारखा पाठ करविल्या, ही करविली नाही. लोखंडे प्लेगच्या साथीत, लोकांची सेवा करताना, १८९७ च्या फेब्रुवारीत वारले.

वरच्या बाजूने काय चालले होते तेही थोडक्यात पाहू. बडोद्यास सयाजीरावांनी अमरेलीत १८९३ साली आणि साऱ्या संस्थानात १९०६ साली सक्तीचे शिक्षण आणले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली तसा कायदा केला. ब्रिटिश मुलखात मात्र गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ साली मांडलेले बिल पुढील वर्षी १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. विरोधकांत नुसते इंग्रज नव्हते, आमचे जमीनदारही होते. मजुरांची पोरे शाळेत गेली तर शेतावर कोण राबणार, ही त्यांची काळजी. त्यांच्या दृष्टीने ती रास्तच होती, एवढे म्हणून पुढे जाऊ.

गोखल्यांच्याच भारत सेवक समाजातील ना. म. जोशी यांनी १९११ साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली, आणि तिने कामगारवस्तीत रात्रशाळा, वाचनालये उघडली. जोशी हे मवाळ गृहस्थ. आमच्या लाल बावट्याच्या परंपरेत त्यांची बरीच टवाळी झाली. आम्ही तरुणपणी तीत सामील होतो. आता वाटते, ती टवाळी उथळ होती. दिवसभर साच्यावर उभ्या राहिलेल्या माणसाच्या हाती रात्री पाटी देणे हे काम जो करतो त्यालाच त्याची किंमत कळते.

आम्ही स्वतः १९८६ साली रात्रशाळेत नाव घातले. वडील एका गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास माणसे बाहेर पडली, आणि त्याच वर्षी आमची शाळा सुटली. रात्रशाळेतील पहिले काही महिने वाया गेले. मिशा फुटलेल्या, दिवसा हमाली करणाऱ्या पोरांना मास्तर पोराबाळांच्या पुस्तकातले धडे देत आणि आम्ही बाकावर डोके टेकून झोपत असू. मग दुसरे मास्तर आले. त्यांनी फळ्यावर एक पगारपावती जशीच्या तशी उतरवली आणि विचारले, यात कोणता पैसा कुणी कापला ते सांगा. त्या रात्री कोणी झोपले नाही. मूळ पगार, महागाई भत्ता, प्रॉव्हिडंट फंड, दंड, सोसायटीचा हप्ता, आणि शेवटी एक कपात अशी, की जिचा अर्थ मास्तरांनाही लागेना. ती कसली हे विचारायला दुसऱ्या दिवशी एकजण खरोखरच टाइमकीपरकडे गेला. अक्षरज्ञान आणि नागरिकाचे शिक्षण यांतील अंतर आम्हांस तेव्हा कळले.

हे दुसरे शिक्षण देण्याचे काम शाळेपेक्षा युनियनने अधिक केले आहे. १९२० साली मुंबईत आयटकचे पहिले अधिवेशन भरले, १९२६ साली ट्रेड युनियन कायदा झाला. कायदा झाला म्हणजे काय झाले? तर सभासदांची नोंदवही आली, वर्गणीची पावती आली, दरवर्षी तपासलेला हिशेब सरकारला पाठविणे आले, पदाधिकारी निवडणे आले. हे सारे कागदाचे काम, आणि ते करणारे हात तेलाने माखलेले. १९२८ च्या एप्रिल ते ऑक्टोबर या सहा महिन्यांच्या सार्वत्रिक संपात सुमारे दीड लाख कामगार बाहेर होते. त्या वेळी आणि त्यानंतर गिरणी कामगार युनियनने गिरणीगिरणीत कामगारांच्या समित्या उभ्या केल्या. जो कामगार आजवर जॉबरपुढे मान वर करीत नसे, ज्याची नोकरी, खोली आणि उधारी त्याच जॉबरच्या हाती असे, त्याने खात्यातल्या आपल्यासारख्याच माणसाला प्रतिनिधी म्हणून निवडले. देशात सर्वांना मताचा अधिकार मिळण्याच्या वीस-बावीस वर्षे आधीची ही गोष्ट आहे. १९३५ च्या कायद्याखालीही मत मिळाले ते सुमारे तीन कोटी माणसांना. त्यासाठी मालमत्ता, कर किंवा शिक्षण यांचा दाखला लागे. गिरणी समितीत निवडून देताना असला कोणताही दाखला लागत नव्हता.

या शाळेत वाईट धडेही शिकवले गेले, हे लपविण्यात अर्थ नाही. न झालेल्या सभेचे इतिवृत्त लिहिणे, एकाच हाताने दहा सह्या करणे, पुढाऱ्याच्या नावाचा जयजयकार चालू असता ठराव मंजूर करून घेणे, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे आणि एकदोनदा त्यास मुकाट संमतीही दिली आहे.

१९५१-५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक आली तेव्हा मतदार १७ कोटींवर होते आणि १९५१ च्या खानेसुमारीप्रमाणे शंभरांत जेमतेम १८ माणसांना लिहिता-वाचता येत होते. उमेदवारागणिक निराळी पेटी ठेवून तिच्यावर चित्र लावले, आणि लोकांनी चित्र पाहून मत टाकले. पुष्कळ विद्वानांनी याला जुगार म्हटले. अडचण आली ती भलतीकडेच. मतदारयादी करणारे दारी आले तेव्हा उत्तरेकडील लाखो बायकांनी आपले नाव सांगितले नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढेच सांगितले. अशी सुमारे २८ लाख नावे यादीतून गळाली. अक्षर येत नसूनही ज्यांनी आपले नाव सांगितले त्यांनी मत दिले. नागरिक होण्यास आधी स्वतःचे नाव लागते, अक्षर त्यानंतर.

महाराष्ट्रात याच्या पुढची पायरी सातारा जिल्ह्याने गाठली. १९५९ साली तेथे ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि १९६१ नंतर ती राज्यभर नेली गेली. एकेकट्या माणसास साक्षर न करता सारे गाव मिळून साक्षर करावयाचे, असा तिचा बेत होता. गावच्या देवळात शपथा झाल्या, शिकलेल्या पोरांनी आईबापांना शिकविले, आणि काम पुरे झाले की गावाचा गौरवसमारंभ होई. मोहीम ओसरली तशी पुष्कळांची अक्षरेही गेली, कारण शिकल्यावर वाचावे असे काही गावात येत नव्हते. पगारपावती नाही, इतिवृत्त नाही, की उत्तर द्यावे असे पत्र नाही. वापरावाचून साचा गंजतो, तसेच अक्षराचे आहे.

आता शिक्षण भरपूर झाले. २०११ च्या खानेसुमारीत मुंबई शहर जिल्ह्यात शंभरांत ८९ साक्षर, गडचिरोलीत ७४. पण २०२४ च्या विधानसभेला गडचिरोलीने शंभरांत सत्तरांहून अधिक मते टाकली आणि मुंबई शहर पन्नाशी कशीबशी ओलांडून थांबले. मुंबईच्या याद्यांत गेलेल्यांची आणि घर सोडलेल्यांची नावे राहतात हे आम्ही जाणतो. ती वजा केली तरी एवढे अंतर भरून निघत नाही.

अखेरीस घरातलीच एक गोष्ट सांगतो. २००१ च्या सुमारास एका गिरणीने स्वेच्छानिवृत्तीचे कागद वाटले. कागद इंग्रजीत. आमचे वडील रोज मराठी वर्तमानपत्र पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचणारे; त्यांची सही मोत्यांसारखी. साहेबाने बोट ठेवले तेथे त्यांनी ती केली. न वाचता कशी केलीत, असे आम्ही विचारले तेव्हा म्हणाले, “अरे, मला इंग्रजी येत नाही हे त्या पोरासमोर कसं सांगू?” त्याच रांगेत वाइंडिंग खात्यातल्या एक मावशी होत्या. त्यांना कोणतेच अक्षर येत नव्हते, म्हणून लाजण्याचे कारणही नव्हते. “आधी वाचून दाखवा, मग अंगठा,” म्हणून त्या अडून बसल्या. कागद चाळीत आला. आम्ही तो अडखळत, शब्दकोश घेऊन, चाळीच्या चौकात सर्वांसमोर वाचला. तेव्हा ध्यानात आले, की बदली म्हणून भरलेली वर्षे ग्रॅच्युइटीच्या हिशेबात धरलेलीच नाहीत. ज्यांनी अंगठा रोखून धरला होता त्यांचा हिशेब भांडून दुरुस्त करून घेता आला. वडिलांची सही होऊन गेली होती.

त्या पावसाळ्यात मावशींनी आमच्या कचेरीतल्या वर्गात नाव घातले. वय पन्नाशीपुढे. गोष्टीचे पुस्तक दिले तर त्यांनी ते परत केले. त्यांना तो हिशेबाचा कागद वाचायचा होता. वर्ष-दीड वर्ष गेले. मग युनियनच्या वार्षिक सभेत त्यांनी जमाखर्चाचा तक्ता हाती घेतला, बोट फिरवीत सावकाश वाचला आणि चहापाण्याच्या खर्चावर आम्हांस दोन प्रश्न विचारले. त्यांतल्या एकाचे उत्तर आम्हांस देता आले नाही.