फ्रंटपेज एक्सप्रेस आणि आपल्या वर्गाचं पान



दहावीनंतर पांगलेले आपण काही जण २००० च्या दिवाळीच्या सुट्टीत गांधी चमनजवळच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये जमलो आणि आपल्या वर्गाचं वेब पान तयार केलं, हे काहींना आठवत असेल. ज्या प्रोग्रॅमवर ते केलं, त्याचं नाव आता कोणी घेत नाही. म्हणून ही छोटी नोंद.

फ्रंटपेज मुळात अमेरिकेतल्या व्हर्मीर टेक्नॉलॉजीज या छोट्या कंपनीचं. चार्ल्स फर्ग्युसन आणि रँडी फोरगार्ड यांनी ती १९९४ मध्ये काढली आणि जानेवारी १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती घेतली. पूर्ण फ्रंटपेज विकत घ्यावं लागे. पण त्याची लहान आवृत्ती, फ्रंटपेज एक्सप्रेस, १९९७ च्या इंटरनेट एक्सप्लोरर ४ बरोबर आणि पुढे विंडोज ९८ मध्ये फुकट आली. म्हणूनच ती जुना जालन्यातल्या क्लासपर्यंत पोचली.

एरवी वेब पान करायचं म्हणजे एचटीएमएलच्या खुणा हाताने लिहाव्या लागत. इथे वर्डसारखं टाइप करायचं, बटण दाबून अक्षर ठळक करायचं, तक्ता आखायचा, फोटो टाकायचा. खुणा प्रोग्रॅमच लिहीत असे. आपण प्रत्येकाने स्वतःविषयी दोन-दोन ओळी लिहिल्या आणि वर निरोप समारंभाचा फोटो लावला.

पान फ्लॉपीवर घेऊन नेट कॅफेत गेलो, एका मोफत जागेवर चढवलं आणि उघडलं, तर फोटोच्या जागी लाल फुली! पानात फोटोचा पत्ता क्लासमधल्या सी ड्राइव्हचाच राहिला होता, आणि फोटो फ्लॉपीवर घेतलाच नव्हता. मराठी मजकुराचीही इंग्रजी अक्षरांत खिचडी झाली होती, कारण आपला फॉन्ट तिथल्या कॉम्प्युटरवर नव्हता. युनिकोड तेव्हा आपल्यापर्यंत पोचलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी फोटो नेला, शाळेचं मराठी नाव चित्र करून लावलं आणि ओळी इंग्रजीत लिहिल्या. पडद्यावर दिसतं त्याच्यामागे काय असतं, हे त्या लाल फुलीने शिकवलं.

फ्रंटपेजची शेवटची आवृत्ती २००३ ची. पुढे मायक्रोसॉफ्टने त्याच्या जागी एक्सप्रेशन वेब आणि शेअरपॉइंट डिझायनर आणले. आपलं पान ठेवलेली मोफत सेवाही बंद पडली. प्रोग्रॅमने पान करणं सोपं केलं. ते जपायचंही असतं, हे आपल्या कोणाच्या डोक्यात आलं नाही.

त्या फोटोतले आपले दोन सोबती आज हयात नाहीत. त्यांनी लिहिलेल्या दोन-दोन ओळी त्या पानावर होत्या. कोणाच्या माळ्यावर जुनी फ्लॉपी किंवा त्या पानाची छापील प्रत सापडली, तर पुढच्या मेळाव्याला जरूर घेऊन या.